तयार भागांची पारख



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानापुढे 'इतिहास' असे छापले आहे. वैजापुरात इतिहास म्हटला की श्रोता देवगिरीच्या यादवांची, नाही तर हैदराबाद मुक्तिसंग्रामाची वाट पाहतो. मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे तो जेमतेम पाऊणशे वर्षांचा आहे. त्यात राजा नाही, किल्ला नाही, आणि त्यातली पुष्कळशी माणसे अद्याप आपापल्या कामावर आहेत. तो कामाचा इतिहास आहे. कामगारांच्या चळवळीत हयात घालविलेल्या माणसाने तो सांगावा यात काही विपरीत नाही. कारण एकाने केलेले काम दुसऱ्याच्या उपयोगी कसे पडावे, आणि ते चोख आहे की नाही हे कोणी व कोणाच्या खर्चाने तपासावे, हाच त्यातला मुख्य वाद आहे.

संगणकाला काम सांगावयाचे म्हणजे त्याच्यापुढे आज्ञांची यादी ठेवावी लागते. तिला आज्ञावली किंवा प्रोग्राम म्हणतात. समजा, एखाद्या संघटनेला सभासदांचे पुस्तक संगणकावर ठेवावयाचे आहे. नावे वर्णानुक्रमाने लावणे, तारखांची वजाबाकी करून सभासदत्वाची मुदत काढणे, वर्गणीची बेरीज करणे, पावती छापणे अशी चार कामे त्यात येतात. यातले एकही काम फक्त त्या संघटनेचे नाही. तारखांची वजाबाकी बँकेला लागते, रेल्वेला लागते, दवाखान्याला लागते. मग प्रत्येकाने ती नव्याने कशाला लिहावी? कोणीतरी एकदा नीट लिहावी आणि बाकीच्यांनी ती आपल्या आज्ञावलीत बसवावी. अशा बसवून घ्यावयाच्या तयार भागाला 'मॉड्यूल' म्हणतात. आजच्या कोणत्याही मोठ्या आज्ञावलीत तिच्या मालकाने स्वतः लिहिलेला मजकूर थोडा आणि असे आणलेले भाग फार, अशीच स्थिती असते.

ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाला समजावयास जड नाही. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची तेथे दाटी झाली. गाडी एका ठिकाणी जुळते, पण तिचे भाग शंभर ठिकाणी होतात. बाहेरून आलेला माल 'इनवर्ड'ला अडतो. तेथला माणूस हातात गेज घेतो. गेजच्या एका टोकाला 'गो', दुसऱ्या टोकाला 'नो-गो'. भोकात पहिले गेले पाहिजे आणि दुसरे जाता कामा नये. भाग करणाऱ्याने आपल्याकडे तपासलेला असतो, तरी घेणारा पुन्हा तपासतो. यात अविश्वास नाही, रीत आहे. एका कारखान्यात महिनाअखेरच्या घाईत ही रीत दोन दिवस गुंडाळून ठेवली गेली आणि खराब माल थेट लाइनवर चढला. चार्जशीट मात्र जुळणीवरच्या पोराला मिळाली! त्याच्या चौकशीत मी उभा होतो. तेव्हापासून तपासणी कोणी वगळली आणि भरपाई कोणी केली, हे दोन प्रश्न मी नेहमी जोडीने विचारतो. संगणकाच्या इतिहासातही ते जोडीनेच विचारावे लागतात.

तयार भागांची कल्पना संगणकाएवढीच जुनी आहे. इंग्लंडात केंब्रिज येथे मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखाली बांधलेले एडसॅक हे गणकयंत्र मे १९४९ मध्ये चालू झाले. त्या काळी आज्ञा कागदाच्या पट्टीवर भोके पाडून देत असत. थोड्याच दिवसांत विल्क्स यांनी गणिताची एक आज्ञावली लिहिली. ती सव्वाशेएक ओळींची होती आणि तिच्यात वीसएक चुका निघाल्या. उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याच चुका शोधण्यात जाणार, हे त्या दिवसांत एकदा जिना चढताना आपल्याला उमगले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. विद्वान माणसाने असे मोकळेपणी लिहावे याचे मला कौतुक वाटते. यावर तोड म्हणून, एकदा बिनचूक ठरलेल्या पट्ट्या एका कपाटात जपून ठेवावयाच्या आणि ज्याला हवी त्याने तिची नक्कल आपल्या पट्टीत घ्यावयाची, अशी व्यवस्था झाली. १९५१ पर्यंत त्या कपाटात ८७ पट्ट्या जमल्या होत्या. त्याच वर्षी विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिले.

यातले डेव्हिड व्हीलर हे मोठे मार्मिक गृहस्थ होते. १९५२ मधल्या एका निबंधात त्यांनी असा मुद्दा मांडला की, भाग लिहून झाला आणि तपासूनही झाला, तरी आतली रचना ज्याला ठाऊक नाही त्यालाही तो वापरता यावा असे त्याचे वर्णन लिहिणे शिल्लक राहते, आणि कदाचित तेच सर्वांत अवघड असते. सत्तर वर्षे उलटली, पण हे दुखणे काही बरे झालेले नाही.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली देशी बांधणीचा संगणक तयार झाला आणि १९६० मध्ये कामास लागला; पुढे त्याचे नाव 'टिफ्रॅक' ठेवले गेले. त्याच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत. अशा यंत्रांच्या काळात तयार भागांची देवघेव ज्या संस्थेचे यंत्र तिच्या भिंतींच्या आतच राही. यंत्रे एकमेकांसारखी नव्हती, मग पट्ट्या तरी एकमेकींना कशा लागू पडाव्यात?

१९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीत गार्मिश येथे या विषयातल्या जाणत्यांची परिषद भरली. तेथे अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतले डग्लस मॅकिलरॉय यांनी अशी मागणी केली की, जसे यंत्रांचे सुटे भाग मापावर पाहून मागविता येतात, तसे आज्ञावलीचे भागही कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार व्हावेत. निबंध गाजला. कारखाना मात्र निघाला नाही. भागांचे जे मोठे कोठार शेवटी उभे राहिले ते भांडवलावर उभे राहिले नाही. ते आपल्या खेड्यातल्या इर्जिकीसारखे उभे राहिले. पेरणी अडली की गाव आपापली अवजारे घेऊन एकाच्या शेतात उतरते, आणि आज याचे तर उद्या त्याचे, असे काम उरकते. त्या कोठाराची हकीकत मी जरा सावकाश सांगणार आहे.

अमेरिकेतले लॅरी वॉल हे मूळचे भाषाशास्त्राचे अभ्यासक. १८ डिसेंबर १९८७ रोजी त्यांनी 'पर्ल' नावाची भाषा जगाला फुकट देऊन टाकली. ही स्क्रिप्टिंग भाषा आहे. म्हणजे लिहिलेली आज्ञावली आधी वेगळी रूपांतरित करून ठेवावी लागत नाही, लिहिली की लगेच चालविता येते. मजकुरातून हवे ते वेचून काढणे, याद्या जुळविणे, अहवाल तयार करणे अशा कामांसाठी ती होती. या पहिल्या आवृत्तीबरोबरच वॉल यांनी चाचण्यांचा एक संच दिला होता. चाचणी म्हणजे एक छोटीशी आज्ञावलीच. ती भाषेला एकेक काम सांगते, आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडते आणि जमले तर 'ओके', न जमले तर 'नॉट ओके' एवढेच छापते. प्रत्येक चाचणीला क्रमांक असतो आणि एकंदर किती चाचण्या होणार हे आरंभीच सांगितलेले असते. म्हणून मध्येच एखादी गळाली तर तेही लक्षात येते. गो आणि नो-गो, दुसरे काय! चाचणीचा निकाल सांगण्याची ही साधी रीत पुढे दुसऱ्या भाषांनीही उचलली.

ऑक्टोबर १९९४ मध्ये पर्लची पाचवी आवृत्ती आली आणि तीत मॉड्यूल बसविण्याची पक्की सोय झाली. आता भाग लिहिणारे पुष्कळ झाले, पण ते ठेवावयाचे कोठे? कोणाचा एका विद्यापीठाच्या संगणकावर, कोणाचा दुसऱ्या. पुढच्याच वर्षी, २६ ऑक्टोबर १९९५ रोजी, फिनलंडच्या यार्को हिएतानिएमी यांनी या सर्वांचे एक सामायिक कोठार जाहीर केले. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह पर्ल आर्काइव्ह नेटवर्क' हे त्याचे लांबलचक नाव. सर्व जण त्याला 'सीपॅन' म्हणतात. मूळ साठा फिनलंडमध्ये आणि त्याच्या हुबेहूब नकला देशोदेशी, अशी मांडणी होती. एक जळले तरी दुसरे उरावे. जर्मनीचे आंद्रेआस क्योनिग यांनी भाग दाखल करण्याची खिडकी उभारली आणि भाग मागवून बसविणारी आज्ञावलीही लिहिली. आज या कोठारात २ लाखांहून अधिक मॉड्यूले आहेत आणि ती लिहिणाऱ्या कर्त्यांची संख्या १४ हजारांच्या वर आहे.

आता भाग बसतो कसा ते पाहा. पुडके उतरवून घेतले की त्यातली पहिली आज्ञावली तुमच्या संगणकाची विचारपूस करते: पर्लची आवृत्ती कोणती, आणि मला लागणारे दुसरे भाग घरात आहेत काय? नसतील तर ते आधी आणले जातात. मग भाग घडविला जातो. मग, आणि ही खरी मेख आहे, पुडक्यात 'टी' नावाच्या कप्प्यात ठेवलेल्या चाचण्या तुमच्याच यंत्रावर चालविल्या जातात. सर्व 'ओके' आल्या तरच भाग जागेवर बसतो. एक जरी नापास झाली तरी बसविणारा हात आखडता घेतो; तरीही हवाच असेल तर तुम्हाला तसे बजावून सांगावे लागते. म्हणजे कर्त्याने आपले गेज मालाबरोबरच पाठविलेले असते, आणि घेणाऱ्याने ते लावून पाहिल्यावाचून माल घरात येत नाही.

यात एक उणीव होती. चाचणी नापास झाली हे घेणाऱ्याला कळे, कर्त्याला कळत नसे. कर्ता बिचारा एकटा, त्याच्याजवळ एखाददुसरा संगणक. आणि जगात यंत्रांचे व कार्यप्रणालींचे प्रकार किती! १९९८ मध्ये ग्रॅहम बार आणि ख्रिस नँडर यांच्या पुढाकाराने 'सीपॅन टेस्टर्स' नावाचा स्वयंसेवकांचा मेळा उभा राहिला. ही मंडळी कोठारात नवा भाग आला की आपापल्या यंत्रावर तो आपण होऊन तपासतात आणि पास की नापास याचा अहवाल धाडतात. कोणाजवळ जुनाट यंत्र, कोणाजवळ दुर्मिळ कार्यप्रणाली. तेच त्यांचे भांडवल. पुढे हे काम आपोआप होऊ लागले आणि अहवालांची संख्या एक कोटीच्या पलीकडे गेली. कर्त्याला आपल्या भागाचा तक्ताच पाहावयास मिळतो: अमक्या आवृत्तीवर चालतो, तमक्या प्रणालीवर अडतो. आणि हे सारे बिनमोल. मी आयुष्यभर कामाच्या मोबदल्यासाठी भांडलो आहे, त्यामुळे फुकट कामाचा गौरव करताना माझी जीभ अडखळते. तरीही हे काम सुंदर आहे, हे मला कबूल केलेच पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, फिनलंड झाले, जर्मनी झाली. यात आपले काय? तर आपला 'ळ' आहे.

मघाशी सभासदांची नावे वर्णानुक्रमाने लावण्याचा उल्लेख केला. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. केवळ त्या क्रमांकांवरून देवनागरी नावे लावली तर काय होते? 'ळ' चा क्रमांक 'ल' च्या लगेच नंतर येतो, म्हणून 'काळे' हे नाव 'कासार' च्या आधी जाऊन बसते. 'क्ष' ला स्वतंत्र क्रमांकच नाही. तो 'क', हलन्त आणि 'ष' असा जोडलेला. म्हणून क्षीरसागर 'क' च्या शेपटाला 'ख' च्या आधी येतात, आणि ज्ञानेश्वर 'ज' च्या शेवटी 'झ' च्या आधी. मराठी माणूस मात्र 'ह' नंतर 'ळ', मग 'क्ष' आणि मग 'ज्ञ' असे म्हणत शाळा शिकला. तो यादीच्या शेवटी क्षीरसागर शोधतो, आणि सापडले नाहीत म्हणजे नाव वगळले असे समजून भांडावयास येतो. मतदानाची यादी असेल तर हे भांडण हसण्यावारी नेण्यासारखे नसते.

जपानचे तोमोयुकी सादाहिरो यांनी पर्लसाठी वर्णानुक्रमाचे एक मॉड्यूल लिहिले. 'युनिकोड कोलेट' हे त्याचे नाव. ते इतके उपयुक्त ठरले की २००२ मधल्या ५.८ या आवृत्तीपासून ते पर्लबरोबरच मिळू लागले. पुढे त्यात भाषावार क्रमांची जोड आली आणि त्या भाषांत मराठीही आहे. त्याच्या 'टी' कप्प्यात प्रत्येक भाषेची वेगळी चाचणी आहे. मराठीच्या चाचणीत 'ह' पुढे 'ळ', 'ळ' पुढे 'क्ष' आणि 'क्ष' पुढे 'ज्ञ' येतो की नाही हे ताडून पाहिले जाते. याचा अर्थ असा की, ब्राझिलात किंवा पोलंडमध्ये कोणी पर्ल मुळापासून घडवून तिची पूर्ण तपासणी करू लागला, तर त्याच्या यंत्राला मराठी वर्णमालेच्या या परीक्षेलाही बसावे लागते. त्या माणसाने 'ळ' कधी ऐकलेलाही नसेल! आमच्या आजोबांच्या वेळी, निजामी अमलात, वैजापूरच्या कचेरीतले दप्तर उर्दूत चाले आणि यादी अलिफ, बे, पे अशी लागे. मराठी नावांना त्या रांगेत जागा मिळेल तेथे उभे राहावे लागे. एका जपानी गृहस्थाने आपल्या वर्णमालेचा मान राखला आणि तो राखला जातो की नाही हे तपासण्याची तजवीजही करून ठेवली, याची नोंद आपल्या इतिहासात व्हावयास हवी.

ज्यांना हे प्रत्यक्ष शिकावयाचे असेल त्यांच्यासाठी मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये प्रा. कन्नन मौदगल्य यांनी चालविलेला 'स्पोकन ट्यूटोरियल' हा उपक्रम आहे. सुमारे दहा दहा मिनिटांचे पाठ, अनेक भारतीय भाषांत आणि मराठीतही. ऐकावयाचे, थांबावयाचे आणि शेजारी करून पाहावयाचे. पर्ल आणि पायथॉन या दोन्ही भाषांचे पाठ त्यांत आहेत आणि सीपॅनच्या कोठारावरही आहे. माझ्यासारख्या, शाळा लवकर सुटलेल्या माणसाला ही शिकवण्याची रीत मानवते, कारण मास्तर वैतागत नाही.

असो. पर्लनंतर दुसऱ्या भाषांचा काळ आला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पायथॉनला २००३ मध्ये आपले कोठार मिळाले आणि २००८ मध्ये 'पिप' हा बसविणारा मिळाला. जावास्क्रिप्टसाठी 'एनपीएम' २०१० मध्ये निघाले आणि पाहता पाहता ते या प्रकारचे जगातले सर्वांत मोठे कोठार झाले. यांनी एक फरक केला. भाग बसविताना घेणाऱ्याच्या यंत्रावर त्याच्या चाचण्या आपोआप चालविण्याची रीत त्यांनी ठेवली नाही. त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. एका भागाला दुसरे दहा, त्या दहांना आणखी शंभर, अशी साखळी असते. सर्वांच्या चाचण्या करीत बसले तर दुपार तेथेच होईल. शिवाय आता कर्ताच भाड्याच्या निरनिराळ्या यंत्रांवर आपला भाग प्रत्येक बदलाबरोबर तपासून घेऊ शकतो. हे खरे आहे, आणि त्याने दर्जा पुष्कळ सुधारला आहे. पण इनवर्डचे टेबल उठले हेही खरे. माल दारात आला की सरळ लाइनवर.

याचा परिणाम काय झाला ते काही घटनांवरून सांगतो. मार्च २०१६ मध्ये अझर कोचुलू नावाच्या कर्त्याचा एका कंपनीशी मॉड्यूलच्या नावावरून तंटा झाला. कोठाराच्या चालकांनी नाव कंपनीला दिले. रागावलेल्या कोचुलू यांनी २२ मार्चला आपली अडीचशेहून अधिक मॉड्यूले कोठारातून काढून घेतली. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नावाचे एक होते; मजकूर अवघा ११ ओळींचा. काम एवढेच की, आकडा किंवा शब्द ठराविक लांबीचा व्हावा म्हणून डाव्या बाजूस भर घालणे. बिल्ला क्रमांक ७ चा ०००७ करणे. पण त्याच्यावर दुसरे भाग, त्यांच्यावर तिसरे, असे करत हजारो आज्ञावल्या त्याच्यावर टेकल्या होत्या. त्या जगभर एकाएकी उभ्या राहीनात. काही तासांत चालकांनी तो भाग कर्त्याच्या इच्छेविरुद्ध परत ठेवला, आणि पुढे भाग काढून घेण्यावर निर्बंध घातले. सीपॅनमध्येही कर्ता आपला भाग काढू शकतो, परंतु तेथे 'बॅकपॅन' नावाचे जुन्या मालाचे कोठार आहे आणि एकदा दाखल झालेले पुडके तेथून मिळते. कोचुलू यांना दोष देण्याकडे लोकांचा कल होता. मला त्यात एकाकी कामगाराचे काम बंद आंदोलन दिसते. फक्त त्याच्या मागे संघटना नव्हती आणि मागणीचे पत्र नव्हते.

याहून स्पष्ट उदाहरण मरॅक स्क्वायर्स यांचे. त्यांची 'कलर्स' आणि 'फेकर' ही दोन मॉड्यूले असंख्य कंपन्या वापरीत. आपण मोठ्या कंपन्यांना फुकट सेवा देणार नाही, असे त्यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर लिहिले. कोणी दखल घेतली नाही. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी 'कलर्स'च्या नव्या आवृत्तीत असा फेरफार केला की ती निरर्थक चिन्हे अखंड ओकत राहावी. घेणाऱ्यांपैकी पुष्कळांकडे नवी आवृत्ती आपोआप बसत असे, तपासणी नाही. पडदे कचऱ्याने भरून गेले. कामाच्या यंत्रात खडा टाकण्याचे समर्थन मी कधी केले नाही आणि करणार नाही, कारण त्याचा भार मालकाआधी शेजारच्या कामगारावर पडतो. येथेही तो लहानसहान वापरणाऱ्यांवर पडला. परंतु वर्षभर आधी दिलेली सूचना कोणीच वाचली नाही, हे विसरून चालणार नाही.

दमलेल्या कर्त्याचे दार तिसराही ठोठावतो. २०१८ मध्ये 'इव्हेंट-स्ट्रीम' या भागाचे कर्ते डॉमिनिक टार यांना तो चालविण्यात गोडी उरली नव्हती. एका अनोळखी गृहस्थाने मदतीचा हात पुढे केला, त्यांनी किल्ल्या देऊन टाकल्या. त्या गृहस्थाने आत बिटकॉइनची तिजोरी फोडणारा मजकूर दडविला. २०२४ मधले 'एक्सझेड'चे प्रकरण याच जातीचे, पण फार मोठे. तो भाग स्क्रिप्टिंग भाषेतला नाही, तरी सांगितले पाहिजे, कारण त्यात चाचणीचाच गळा धरला होता. लासे कॉलिन हे फिनलंडचे गृहस्थ तो भाग बहुतांशी एकटे सांभाळीत. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी सुमारे अडीच वर्षे इमानेइतबारे मदत करून त्यांचा विश्वास मिळविला, आणि मग चोरदरवाजा बसविला. तो कोठे लपविला? चाचणीसाठी ठेवलेल्या नमुन्यांच्या फायलींत. गेजच्या पेटीतच चोराने हत्यार ठेवले! २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ही गोष्ट उघड केली. दूरच्या यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा त्याने पिच्छा पुरविला होता. ते त्याला नेमून दिलेले काम नव्हते.

सीपॅनच्या जुन्या मंडळींनी दमलेल्या कर्त्यासाठी एक रीत घालून ठेवली आहे. कर्ता थकला, तर आपल्या भागावर 'हा दत्तक घ्या' अशा अर्थाची खूण लावतो. कोणी घ्यावयास आला तर खिडकीवरची मंडळी आधीची कामे पाहतात. कर्ता बेपत्ता असेल तर त्याला निरोप धाडून, वाट पाहून, मगच हक्क दुसऱ्याला देतात. कागदोपत्री दत्तकविधान म्हणावे तसे. त्याने लबाड माणूस कायमचा अडतो असे नाही. पण हस्तांतर चार माणसांच्या डोळ्यांपुढे होते.

पैशाचा प्रश्न उरतोच. एप्रिल २०१४ मध्ये 'ओपनएसएसएल' या भागात 'हार्टब्लीड' नावाची भयंकर चूक सापडली, तेव्हा जगाला कळले की निम्म्या व्यापाराचे कुलूप असलेला हा भाग वर्षाकाठी सुमारे २ हजार डॉलरच्या देणग्यांवर आणि मूठभर माणसांवर चालला होता. त्यानंतर थोडी जाग आली. जर्मन सरकारने २०२२ मध्ये अशा भागांच्या देखभालीसाठी निधी उभारला. आपल्याकडे बंगळुरूच्या झेरोधा कंपनीने २०२४ मध्ये वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. चांगली गोष्ट आहे. मात्र निधी म्हणजे अनुदान. ते अर्ज केल्यावर, देणाऱ्याच्या मर्जीने आणि मुदतीपुरते मिळते. वेतनाचे तसे नसते. या कर्त्यांना वेतन देणारा मालक कोण म्हणावा, जो भाग वापरतो तो प्रत्येक जण की कोणीच नाही, याचा निवाडा अजून कोठेच झालेला नाही. ज्या कंपन्यांचा नफा या भागांवर उभा आहे त्यांनी आपल्या पगारी माणसांचे काही तास अशा देखभालीसाठी ठरवून द्यावेत, असे मला वाटते. काही कंपन्या देतातही.

आणि ज्यांच्या हाती कंपनी नाही, निधी नाही, अशा आपल्या कॉलेजातल्या मुलामुलींना काय करता येईल, हे अध्यक्षमहाराजांनी मला व्याख्यानापूर्वी विचारले होते. त्यांना अहवाल पाठविता येतो. जुना संगणक, इंटरनेटची जोडणी आणि थोडी चिकाटी एवढ्यावर सीपॅनच्या तपासणीत कोणालाही उतरता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मराठीच्या चाचण्या लिहिता येतात. 'वैजापूर' उलट्या क्रमाने छापावयास सांगितले तर कित्येक आज्ञावल्या मात्रा आणि उकार अक्षरापासून तोडून भलतीकडे नेतात. 'सुऱ्या' आणि 'सूर्या' यांतला फरक कित्येकींना राखता येत नाही. हे कर्त्याला टोकियोत किंवा बर्लिनमध्ये बसून कसे कळावे? त्यासाठी चाचणीच्या चार ओळी लागतात आणि त्या लिहिणारा मराठी वाचणारा असावा लागतो. संगणक खोलीची किल्ली कोणाकडे आहे, ते मात्र मुलांनी आपल्या शिक्षकांना विचारावे.